दोर कोणाच्या हातात? हिमालयातल्या पगारी वाटाड्यांचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यापासून आमच्याकडे आलेले बहुतेक प्रश्न एकाच वळणाचे आहेत. कंपनीकडे पैसे भरायचे, मोहिमेत नाव घालायचं आणि शेर्पांच्या आधाराने सात-आठ हजार मीटरचं शिखर गाठायचं, याला गिर्यारोहण म्हणायचं का? काही जणांनी उत्तरही स्वतःच देऊन टाकलंय: पूर्वी गिर्यारोहण होतं, आता पर्यटन झालंय.

इतिहास उघडून बघितला तर या 'पूर्वी'ला फारसा आधार सापडत नाही. केवळ चढाईच्या हौसेने हिमालयात आलेला पहिला माणूस म्हणून विल्यम वुडमन ग्रॅहम या इंग्रजाचं नाव घेतात. तो आला १८८३ साली, आणि आला तोच पगारी स्विस वाटाडे बरोबर घेऊन. म्हणजे पैसे देणारा एक आणि वाट काढणारा दुसरा, ही जोडी हिमालयातल्या गिर्यारोहणाइतकीच जुनी आहे. तेव्हा 'पैसे भरले की नाही' या प्रश्नाने काही हाती लागत नाही.

आम्ही आज दुसरे दोन प्रश्न धरून दोनशे वर्षांचा पट तुमच्यापुढे मांडणार आहोत. पहिला: हवा बिघडली, बर्फ पोकळ वाटलं, तर 'आज मागे फिरायचं' हे म्हणायचा हक्क कोणाचा? दुसरा: तो शब्द कोणी मानला नाही आणि माणूस गेला, तर त्याच्या घरच्यांची जबाबदारी कोणाची?

सुरुवातीला शब्दांचा थोडा हिशेब करू. मराठीत आपण तीन शब्द वापरतो: हमाल, वाटाड्या आणि अलीकडे शेर्पा. हमाल ओझं वाहतो, वाटाड्या वाट दाखवतो. सह्याद्रीत भटकलेल्यांना हा फरक चांगला ठाऊक आहे. रानातली वाट दाखवणारा गावकरी पुढे चालतो, आणि तो 'इकडून नको' म्हणाला की आपण मुकाट्याने वळतो. 'शेर्पा' हे मात्र कामाचं नाव नाही, ते एका समाजाचं नाव आहे. पूर्व नेपाळातल्या सोलुखुंबू भागातले हे लोक. कामासाठी त्यातले पुष्कळ दार्जिलिंगला आले आणि तिथून मोहिमांवर जाऊ लागले. आज जो इतिहास सांगायचा आहे तो एका ओळीत असा: वाटाड्याचं काम शेर्पांकडे आलं, पण वाटाड्याचा हक्क त्या कामाबरोबर आला नाही.

शामोनी, १८२०

हा हक्क आला कुठून, हे कळायला आधी आल्प्समध्ये जावं लागेल. ऑगस्ट १८२० मध्ये रशियाच्या झारच्या सेवेतले डॉक्टर हामेल माँ ब्लाँ पर्वत चढायला शामोनी गावात आले. गावातले वाटाडे त्यांनी भाड्याने घेतले. वाटेत हवा बिघडली. वाटाड्यांचं म्हणणं पडलं की खाली उतरावं. हामेल यांनी पुढे जाण्याचा आग्रह धरला. वाटाड्यांच्या धैर्याबद्दल टोचून बोललं गेलं, असंही सांगतात. शेवटी मंडळी वर निघाली. ताजं बर्फ सरकलं, हिमस्खलन झालं आणि पिएर बाल्मा, पिएर कारिए आणि ओग्युस्त तेराझ हे तीन वाटाडे हिमनदीच्या भेगेत गाडले गेले. पैसे देणारे पाहुणे वाचले. हिमनदी हळूहळू खाली सरकत राहिली आणि चार दशकांनी, १८६१ पासून, त्या तिघांचे अवशेष तिच्या तळाशी बाहेर येऊ लागले.

पण गाव हळहळून गप्प बसलं नाही. पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, शामोनीच्या वाटाड्यांनी आपली संघटना उभी केली. कामाचे दर ठरवले, काम पाळीपाळीने वाटून द्यायचं ठरलं आणि मेलेल्या-जखमी झालेल्या वाटाड्यांच्या कुटुंबांसाठी मदतनिधी सुरू झाला. शामोनी तेव्हा सार्डिनियाच्या राज्यात होतं. त्या सरकारने लवकरच या नियमांना मान्यताही दिली. पुढच्या काळात आल्प्समध्ये एक संकेत पक्का होत गेला, तो असा: पाहुणा लॉर्ड असो की प्राध्यापक, दोराला बांधल्यावर वाटाड्याचा शब्द शेवटचा. खाली हॉटेलात तो नोकर असेल, वर तो मालक.

बघा, हा हक्क कोणी उदार होऊन दिलेला नव्हता. तीन माणसं गेल्यावर गावाने तो मिळवला.

त्रिशूल, १९०७

आता हिमालयात येऊ. ग्रॅहमबरोबर १८८३ मध्ये प्रथम योझेफ इम्बोडेन हा स्विस वाटाड्या आला होता. तो तापाने आजारी पडून परतला. मग एमिल बॉस आणि उलरिख कौफमान आले. त्यांनी सिक्कीममधलं काब्रू शिखर चढल्याचा दावा केला. त्यावर पुढे फार वाद झाला आणि तो पूर्ण मिटलेला नाही. त्यात आज शिरायला नको.

वाद नसलेलं पहिलं मोठं यश आहे गढवालमधल्या त्रिशूलचं. उंची ७,१२० मीटर. नंदादेवीच्या भोवती शिखरांचं जे कडं आहे, त्यातलं हे एक. त्या काळी तिथे पोचायचं म्हणजे आधी कित्येक दिवसांची पायपीट. मोहिमेत टॉम लाँगस्टाफ हे इंग्रज डॉक्टर, गुरखा पलटणीतले चार्ल्स ब्रूस आणि आर्नल्ड मम हे होते. लंडनच्या अल्पाइन क्लबला ५० वर्षं होत होती. त्या निमित्ताने खरं तर एव्हरेस्टकडे जायची इच्छा होती, पण तिबेटमधून जायला सरकारची परवानगी मिळाली नाही, म्हणून मंडळी गढवालला वळली.

त्यांच्याबरोबर आल्प्समधले तीन व्यावसायिक वाटाडे होते: इटलीच्या कूरमायरचे अलेक्सी आणि आन्री हे ब्रोशरेल बंधू आणि झेरमाटचे मोरिट्झ इंडरबिनेन. आणि होते करबीर बुढाथोकी, गुरखा पलटणीतले. करबीर काही नवखे नव्हते. १८९२ मध्ये ते मार्टिन कॉनवे यांच्याबरोबर काराकोरममध्ये गेले होते आणि १८९४ मध्ये त्यांच्याच बरोबर आल्प्स पर्वत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पालथा घालून आले होते.

लाँगस्टाफ आणि ब्रोशरेल बंधूंची दोस्ती दोन वर्षांपूर्वीची. १९०५ मध्ये मानसरोवराजवळच्या गुर्ला मांधाता पर्वतावर या तिघांना हिमस्खलनाने दोरासकट खाली ओढत नेलं होतं, आणि तिघेही जिवंत राहिले होते. अशा माणसांमध्ये मालक-नोकर हे नातं फार काळ टिकत नाही.

त्रिशूलवरच्या पहिल्या प्रयत्नात त्यांनी साधारण ६,१०० मीटरवर तंबू ठोकला. वादळ आलं, दोन रात्री तिथेच अडकले आणि मग सरळ खाली उतरले. विश्रांती घेतली. मग पद्धतच बदलली: वर मुक्काम करायचाच नाही. १२ जून १९०७ रोजी साधारण ५,३०० मीटरवरच्या तळावरून निघून एका दिवसात जवळजवळ १,८०० मीटर चढून लाँगस्टाफ, दोघे ब्रोशरेल आणि करबीर माथ्यावर पोचले. त्यापेक्षा उंच शिखर माणसाने चढल्याची तोवर निर्विवाद नोंद नव्हती.

आजच्या भाषेत सांगायचं तर ही मार्गदर्शकांसह केलेली मोहीमच होती. तिच्यात आधी माघार होती, ती कमीपणाची मानली गेली नाही, आणि यश मिळालं त्यात माघारीचा वाटा होता. चौघांची नावंही नोंदीत आहेत.

'अमक्याचा भाऊ'

मग बदल कुठे झाला? त्याची सुरुवात एका भल्या माणसापासून होते. अलेक्झांडर केलस हे स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ. लंडनमध्ये वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र शिकवायचे. १९०७ मध्ये सिक्कीममध्ये त्यांनी स्विस वाटाडे आणून पाहिले, पण काही जमलं नाही. नंतर त्यांनी शेर्पा आणि भोटिया माणसंच बरोबर घेतली. ही माणसं उंचीवर दमत नाहीत, आनंदाने राहतात आणि शिकवलं की बर्फावर उत्तम चालतात, हे त्यांनी ओळखलं आणि इतरांना सांगितलं.

१९११ मध्ये केलस यांनी सिक्कीम-तिबेट सीमेवरचं पौहुनरी शिखर दोन शेर्पा साथीदारांबरोबर चढलं. पुढे फेरमोजणीत पौहुनरीची उंची ७,१२८ मीटर भरली, म्हणजे त्रिशूलपेक्षा आठ मीटर जास्त. याचा अर्थ १९११ नंतर बरीच वर्षं जगातलं चढलेलं सर्वांत उंच शिखर हेच होतं, आणि हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्या दोन साथीदारांची नावं नोंदीत कशी आहेत? एक 'सोनी'. आणि दुसरा 'टुनीचा भाऊ'. बस, एवढंच. विक्रम करणाऱ्या माणसाचं नाव इतिहासात 'अमक्याचा भाऊ' म्हणून राहिलं.

केलस यांनी कोणाला तुच्छ लेखलं नाही. उलट या लोकांची बाजू सर्वांत आधी मांडणाऱ्यांत ते होते. १९२१ च्या पहिल्या एव्हरेस्ट मोहिमेवर जाताना तिबेटात वाटेतच ते वारले. पण त्यांची शिफारस मागे राहिली आणि मोहिमांनी तिच्यातला सोयीचा भाग तेवढा उचलला. शेर्पा स्वस्त, काटक, आज्ञाधारक. युरोपातून महागडा वाटाड्या आणायचं कारण उरलं नाही. त्याच्या जागी आलेल्या माणसाला मात्र 'वाटाड्या' हा दर्जा न देता 'कुली' म्हणून नोंदलं गेलं. दोर तोच, बर्फ तेच, उंची तर दुप्पट. फक्त 'मागे फिरू' म्हणायचा हक्क गळून पडला.

त्याची किंमत लगेच समोर आली. ७ जून १९२२. एव्हरेस्टची तिबेटकडची बाजू. पावसाळा तोंडावर आलेला, ताजं बर्फ पडलेलं. जॉर्ज मॅलरी, हॉवर्ड सॉमरवेल आणि कॉलिन क्रॉफर्ड हे तिघे १४ हमालांसह नॉर्थ कोलकडे चढत होते. उतार सरकला. नऊ हमाल भेगेत फेकले गेले. दोघांना जिवंत काढता आलं. सात जण गेले: नोर्बू, ल्हाक्पा, पासांग, पेमा, सांगे, तेम्बा, दोर्जे. तिन्ही इंग्रज वाचले.

मॅलरीने पत्रांतून स्वतःला दोष दिला. आपल्यापैकी एकानेही त्यांच्याबरोबर मरण वाटून घेतलं नाही, ही खंत सॉमरवेलने लिहून ठेवली. ते पुढे त्रावणकोरमध्ये नेय्यूरच्या मिशन रुग्णालयात कित्येक वर्षं डॉक्टर म्हणून राबले. त्यांच्या मनाच्या खरेपणाबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण १८२० आणि १९२२ शेजारी ठेवून बघा. प्रसंग जवळजवळ तोच: ताजं बर्फ, पुढे जाण्याचा निर्णय पाहुण्यांचा, मेले ते भाड्याचे. शामोनीत वर्षाच्या आत संघटना आणि निधी उभा राहिला. इथे हमालाचं मत विचारायला व्यवस्थेत जागाच नव्हती.

पासांग दावा लामा यांचा दोर

१९२८ मध्ये हिमालयन क्लब स्थापन झाला. आज त्याचं मुख्यालय आपल्या मुंबईत आहे, हे अनेकांना ठाऊक असेल. क्लबने दार्जिलिंगमध्ये शेर्पांची नोंदवही ठेवायला सुरुवात केली. प्रत्येकाला क्रमांक, प्रत्येकाकडे एक पुस्तिका. मोहीम संपली की साहेबाने तिच्यात शेरा लिहायचा. १९३० च्या दशकाच्या अखेरीस उत्तम काम करणाऱ्यांना 'टायगर' हा बिल्लाही मिळू लागला. तेनझिंग यांना तो मिळाला होता. 'टुनीचा भाऊ' या पातळीवरून माणूस नावाने आणि क्रमांकाने ओळखला जाऊ लागला, ही प्रगतीच. पण शेरा लिहायचा साहेबाने. पुढचं काम त्या शेऱ्यावर अवलंबून. अशा वेळी डोंगरावर 'साहेब, आज नको' म्हणणं किती महाग पडत असेल, विचार करा.

तरी ते कोणीतरी म्हटलं, आणि त्या प्रसंगावर आम्हाला थोडं थांबायचंय.

१९३९. स्थळ के-टू. भूगोलाच्या दृष्टीने ते काराकोरममध्ये, पण माणसं तीच दार्जिलिंगची. अमेरिकन मोहिमेचे नेते फ्रिट्झ वीसनर. १९ जुलैच्या संध्याकाळी वीसनर आणि पासांग दावा लामा साधारण ८,३७० मीटरवर पोचले होते. माथा जेमतेम अडीचशे मीटर वर. हवा शांत. वीसनर यांचा विचार होता की रात्रभर चढत राहायचं. पासांग यांनी दोर घट्ट धरला आणि पुढे सोडायला नकार दिला. उद्या जाऊ, आत्ता नाही. वीसनर त्या काळातले जगातले अव्वल गिर्यारोहक, मोहिमेचे प्रमुख, पगार देणारे. पण दोर दुसऱ्या टोकाला एका शेर्पाच्या हातात होता. ते मागे फिरले.

ते चढले असते का, यावर अजूनही वाद होतात. आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की दोघेही त्या रात्री जिवंत खाली आले आणि दोघांनीही पुढे दीर्घ आयुष्य काढलं.

याच मोहिमेत दुसरी बाजूही आहे. डडली वुल्फ हे गडगंज श्रीमंत सदस्य. मोहिमेच्या खर्चात त्यांचा मोठा वाटा होता, चढाईचा अनुभव मात्र बेताचा. आजच्या भाषेत 'क्लायंट'. गोंधळ होत होत ते साधारण साडेसात हजार मीटरवर एकटे मागे राहिले. त्यांना आणायला पासांग किकुली काही शेर्पांबरोबर वर गेले. हे किकुली १९३४ च्या नंगा पर्वतावरच्या भीषण वादळातून वाचलेले. त्या वादळात तीन जर्मन आणि सहा शेर्पा गेले होते. म्हणजे वर काय वाट बघतंय हे किकुलींना पुरेपूर ठाऊक होतं. पहिल्या फेरीत वुल्फ खाली यायच्या स्थितीत नव्हते. ३१ जुलैला किकुली, पासांग किटार आणि फिन्सू पुन्हा वर निघाले. तिघेही परतले नाहीत. वुल्फही नाहीत.

एकाच मोहिमेतली ही दोन चित्रं. पहिल्यात शेर्पाचा शब्द मानला गेला आणि दोन जीव वाचले. दुसऱ्यात, पुरेशी तयारी नसलेल्या एका सदस्यासाठी तिघांनी जीव दिला. पैसे भरून मोहिमेत जाणाऱ्या प्रत्येकाने के-टूवरची ही दोन्ही चित्रं नजरेसमोर ठेवावीत.

पासांग दावा लामा यांची गोष्ट इथे संपत नाही. १९५४ मध्ये ऑस्ट्रियन मोहिमेबरोबर ते चो ओयूच्या माथ्यावर पहिल्यांदा पोचले. १९५८ मध्ये मुंबईचे केकी बनशहा यांच्या नेतृत्वाखाली भारतीय मोहीम चो ओयूवर गेली. त्या मोहिमेत दार्जिलिंगच्या संस्थेचे पहिले प्राचार्य नरेंद्र धर जयाल यांचा मृत्यू झाला. १५ मे रोजी माथ्यावर पोचले सोनम ग्यात्सो आणि पुन्हा पासांग दावा लामा. आठ हजार मीटरवर भारतीय मोहिमेचं हे पहिलं पाऊल. या मोहिमेसाठी जी समिती नेमली होती, तिच्यातूनच पुढे इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशन उभं राहिलं. म्हणजे आपल्या देशातल्या संघटित गिर्यारोहणाच्या पायाशी, १९ वर्षांपूर्वी के-टूवर दोर रोखून धरणारा हाच माणूस आहे.

बाजार आला

१९५३ नंतर चित्र पालटलं. तेनझिंग त्या मोहिमेत शेर्पांचे सरदार तर होतेच, शिवाय चढाईच्या तुकडीचे पूर्ण सदस्य होते. १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि तेनझिंग तिथे प्रशिक्षणाचे प्रमुख झाले. साहेब शिकवणार आणि शेर्पा शिकणार, हा क्रम उलटला.

पण त्याच सुमारास बाजारही आकार घेत होता. १९६४ मध्ये जिमी रॉबर्ट्स या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने नेपाळात पहिली ट्रेकिंग कंपनी काढली. ३० एप्रिल १९८५ रोजी डिक बास हे ५५ वर्षांचे अमेरिकन उद्योगपती डेव्हिड ब्रेशर्स या कसलेल्या गिर्यारोहकाच्या साथीने एव्हरेस्टवर पोचले. पैसा आणि जिद्द असलेला हौशी माणूसही तिथे जाऊ शकतो, हे जगाला दिसलं. १९९० च्या दशकात एव्हरेस्टच्या मार्गदर्शित मोहिमांचा धंदा स्थिरावला. हजारो डॉलर भरा, बाकी आमच्याकडे.

इथे आमचा पहिला प्रश्न नव्या वेशात परत आला. ज्याने आयुष्याची पुंजी ओतली आहे, त्याला माथा शंभर मीटरवर दिसत असताना 'मागे फिर' कसं म्हणायचं? आणि तोच दुसऱ्या वर्षी पुन्हा पैसे भरून आला असेल तर? १० मे १९९६ ला दुपारी एक-दोन वाजता परतायला हवं होतं. कित्येक जण त्यानंतरही वर चढत राहिले. वादळात एव्हरेस्टच्या दोन्ही बाजूंना मिळून आठ जण गेले. दक्षिणेकडे दोन कंपन्यांचे प्रमुख रॉब हॉल आणि स्कॉट फिशर स्वतः गेले, आणि उत्तरेकडे आपल्या इंडो-तिबेटन बॉर्डर पोलिसांचे तीन जवान. म्हणजे वाटाड्याचा शब्द शेवटचा, हा नियम कागदावर असून भागत नाही. पैशाचं वजन त्या शब्दावर पडलं की तो वाकतो.

शिवाय वाटाड्या म्हणजे विमा नव्हे, हेही लक्षात ठेवा. मे २०१९ मध्ये नंदादेवी पूर्व परिसरात एका बिनानावाच्या, साधारण ६,५०० मीटरच्या शिखरावर अतिशय अनुभवी ब्रिटिश वाटाड्याच्या नेतृत्वाखाली गेलेले आठ जण हिमस्खलनात गेले. त्यात मोहिमेबरोबर असलेले भारतीय संपर्क अधिकारीही होते. एव्हरेस्टवर निदान गर्दी असते, हेलिकॉप्टर येतं. असल्या आडबाजूच्या शिखरांवर मदत पोचायलाच दिवस लागतात.

१८ एप्रिल २०१४

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. १८ एप्रिल २०१४ च्या सकाळी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातावर बर्फाचा कडा कोसळला. खाली पाहुण्यांचे तंबू आणि सामान वर नेणारे, वाट तयार करणारे नेपाळी कामगार होते. १६ जण गेले. एकही पाहुणा त्यात नव्हता.

सरकारने तातडीची मदत जाहीर केली: प्रत्येक कुटुंबाला ४० हजार नेपाळी रुपये. आपल्या रुपयांत सांगायचं तर २५ हजार. एका परदेशी चढाईबाजाच्या एव्हरेस्ट परवान्यासाठी लवकरच ११ हजार डॉलर आकारले जाणार होते. हा हिशेब बेस कॅम्पवरच्या प्रत्येक शेर्पाने मनात केला असणार.

आणि मग जे घडलं ते १८२१ ची आठवण करून देणारं होतं. शेर्पांनी आपल्या मागण्या लिहून सरकारपुढे ठेवल्या. विमा वाढवा, मदतनिधी उभारा. आणि म्हणाले, यंदा आम्ही वर जाणार नाही. जिथे आमची माणसं गाडली गेली आहेत त्या बर्फावरून यंदा चढाई नको. एकेक करून कंपन्यांनी तंबू गुंडाळले. त्या वसंतात दक्षिणेकडून चढाई जवळजवळ झालीच नाही. उंचीवर काम करणाऱ्यांचा किमान विमा १० लाखांवरून १५ लाख नेपाळी रुपये झाला. पुरेसा? नाही. पण 'आज नको' हा शब्द दार्जिलिंगच्या त्या नोंदवहीत जागा नसलेल्या माणसांनी एकत्र उच्चारला आणि जगातल्या सर्वांत उंच डोंगरावरचा धंदा थांबला.

त्याआधीच, २०१२ मध्ये, नेपाळच्या पर्वत मार्गदर्शकांची संघटना आंतरराष्ट्रीय महासंघात दाखल झाली होती. मोठमोठ्या मोहिमा चालवणाऱ्या कंपन्याही आता नेपाळींच्या मालकीच्या आहेत. १६ जानेवारी २०२१ ला के-टूवर हिवाळ्यात पहिल्यांदा माणूस पोचला. ते दहाही जण नेपाळी होते, आणि माथ्याच्या थोडं खाली थांबून ते सगळे एकत्र वर गेले.

आपल्यापुरतं

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, २०१२ मध्ये पुण्याच्या 'गिरिप्रेमी'चे आठ जण, आणि २०१९ मध्ये याच संस्थेचे दहा जण कांचनजुंगावर. या मोहिमांमागे वर्षानुवर्षांचा सह्याद्रीतला सराव आहे आणि शेर्पांची साथही आहे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

तुमच्यापैकी कोणी अशा मोहिमेत नाव घालणार असाल तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. एक: परतीचा शेवटचा शब्द कोणाचा, आणि तो शेर्पाचाही आहे का? दोन: माझ्याबरोबर येणाऱ्या माणसाचा विमा किती, आणि त्याच्या सुटकेचा खर्च कोण करणार? तीन: त्याचं पूर्ण नाव काय? ही उत्तरं चटकन मिळाली नाहीत तर कंपनी बदला. आणि ती मिळाली तर, तो शब्द वर गेल्यावर आपण मानणार आहोत का, हे घरी बसूनच ठरवा. आठ हजार मीटरवर ते ठरवता येत नाही.

प्रश्नोत्तरांतून

*एका श्रोत्याचा प्रश्न: पैसे आपण देतो, जीव आपला आहे. मग निर्णय आपला का नको?*

जीव आपला एकट्याचा नसतो, दोराला दुसरं टोक असतं. नदीला पूर आलाय आणि नावाडी म्हणतो, 'आज नाव सोडत नाही.' आपण त्याला भाड्याच्या नोटा दाखवतो का? दाखवल्या आणि त्याने लोभाने नाव सोडली, तर बुडताना तोही आपल्याबरोबर बुडतो. पैसे आपण त्याच्या जाणतेपणाचे देतो. मग तो जाणतेपणा 'नको' म्हणाला की आपल्याला फसवल्यासारखं का वाटावं?

*दुसरा प्रश्न: सगळं शेर्पांनीच केलं असं म्हटलं, तर आपल्या मुलामुलींचं कर्तृत्व काय उरतं?*

'सगळं' कोणीच केलेलं नसतं. एव्हरेस्टवर आधी पाय कोणाचा, यावरून १९५३ मध्ये केवढं काहूर उठलं. तेनझिंग आणि हिलरी म्हणत राहिले, आम्ही एकाच दोराला होतो. पुढे आत्मचरित्रात तेनझिंग यांनीच सांगून टाकलं की हिलरी पाऊलभर पुढे होते. त्याने तेनझिंग लहान झाले नाहीत. आपल्या मुलाचा माथ्यावरचा फोटो छापताना शेजारच्या माणसाचं नाव खाली छापलं, तर आपला मुलगाही लहान होणार नाही. उलट वाचणाऱ्याला कळेल की तो एकटा नव्हता, आणि म्हणूनच परत आला.